कायद्याचं राज्य आपल्या गावात नेमकं कधी आलं? (सातारा-सांगली)

वसनाकाठ (धागाकर्ता)

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : '१९५० साली कायद्याचं राज्य आलं.' दिल्लीच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांचा नकाशा समोर ठेवला की एवढ्यावर समाधान होत नाही. १८१८ला इंग्रज आले, १८४८ला साताऱ्याची गादी खालसा झाली, १९३९ला औंधात स्वराज्याची घटना आली, १९४३ ते ४६ प्रतिसरकार होतं, १९४८ला संस्थानं विलीन झाली, १९६२ला जिल्हा परिषदा आल्या. यातल्या कुठल्या टप्प्यावर गावचा माणूस रयतेचा नागरिक झाला?

माझी कसोटी साधी आहे. अधिकाऱ्यानं माझ्याविरुद्ध निर्णय देण्याआधी माझं ऐकलं का, निर्णय लेखी आणि कारणासह दिला का, आणि त्याच्या वर दाद मागायला जागा आहे का? ही तिन्ही जिथं आहेत तिथं कायद्याचं राज्य. एक जरी नसेल तर सत्ता आहे, राज्यही आहे, कायद्याचं मात्र नाही.

जाणकारांनी लिहावं. कसोटी चुकत असेल तर तेही सांगा.

माहुलीकर

मग सुरुवात आमच्या माहुलीपासूनच करायला हवी. रामशास्त्री प्रभुणे इथले. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशीत रघुनाथरावांचा हात दिसला तेव्हा शास्त्र्यांनी गादीवर बसलेल्या माणसाला देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. राजापेक्षा न्याय मोठा, हे आपल्याकडे विलायतेहून आलेलं नाही.

हळदपेठ

रामशास्त्र्यांबद्दल आदर पूर्ण आहे. पण वसनाकाठ यांच्या कसोटीवर ते उदाहरण धरत नाही. निकाल दिला, अंमल कोण करणार? शास्त्र्यांना पद सोडून जावं लागलं. पुढे रघुनाथराव हटले ते बारभाईंच्या राजकारणानं, न्यायालयाच्या हुकमानं नव्हे. तो माणूस थोर होता. त्याच्या जागी दुसरा बसला असता तर निकाल वेगळा लागला असता, आणि तो बदलून घ्यायला जागा नव्हती.

माहुलीकर

अंमलाचा मुद्दा मान्य. पण गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची आणि वतनदारांची न्यायसभा, विसरू नका. वतनाचा तंटा गावात बसून चालायचा, दोन्ही बाजूंच्या तकरिरा म्हणजे लेखी कैफियती घेतल्या जायच्या, साक्षी व्हायच्या, मग महजर म्हणजे निवाड्याचा कागद व्हायचा. त्यावर पाटलाची नांगराची निशाणी, प्रत्येक बलुतेदाराची आपापल्या हत्याराची निशाणी. ऐकून घेणं आणि लेखी निर्णय, दोन्ही होतं.

येरळाकाठ

होतं, पण साक्षीत तंटा मिटला नाही तर दिव्य होतं. रवा दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा आणि हात भाजला की खोटा. शिवाय गोतात कोण बसणार आणि कोणी उभं राहायचं, हे जातीनं ठरलेलं. बाईचं नाव महजरावर क्वचितच. कागद होता हे खरं, समान वागणूक नव्हती. वसनाकाठ, तुमच्या तीन कसोट्यांत ही चौथी घाला : नियम सगळ्यांना एकच.

वसनाकाठ

येरळाताई, घातली. अनुच्छेद १४, म्हणजे कायद्यापुढे समानता, मी गृहीत धरला होता, तो उघड लिहायला हवा होता.

दगडी_कमान

इंग्रजांनी कायदा आणला असं म्हणणाऱ्यांसाठी साताऱ्याचंच उदाहरण. १८१९च्या तहानं प्रतापसिंह महाराजांना राज्य दिलं. पुढे कटाचे आरोप ठेवले. आरोप ठेवणारी कंपनी, पुरावा घेणारी कंपनी, निकाल देणारीही कंपनी. आरोप कबूल करून सही केलीत तर गादी राहील, असा पर्याय पुढे ठेवला. महाराजांनी सही नाकारली आणि सप्टेंबर १८३९मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडलं. रंगो बापूजी गुप्ते त्यांची बाजू घेऊन लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं कंपनीच्याच भागधारकांपुढे दाद मागत राहिले, कारण ती ऐकायला दुसरं न्यायालयच नव्हतं.

त्याच काळात मुंबई इलाख्यात १८२७ची एल्फिन्स्टनची संहिता लागू होती. म्हणजे रयतेच्या कर्जाच्या दाव्याला कायदा होता आणि सरकारच्या स्वतःच्या वागण्याला नव्हता. वसाहतीतल्या कायद्याचा हा मूळ दोष. तो खाली बघतो, स्वतःकडे बघत नाही.

माहुलीकर

एक जोड. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या ज्या शाळेत दाखल झालं, ती शाळा प्रतापसिंह महाराजांच्या राजवाड्यात भरत होती. दाद मागायला ज्यांना न्यायालय मिळालं नाही त्यांच्या वाड्यात शिकलेल्या मुलानं पुढे अनुच्छेद ३२ला घटनेचा आत्मा म्हटलं, आणि अनुच्छेद ३२ म्हणजे थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क. हे लिहिताना अंगावर काटा येतो.

खटावकर

औंधावर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बहात्तर गावांचं लहान संस्थान. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे, मुलगा अप्पासाहेब पंत, सोबत मॉरिस फ्रीडमन आणि सल्ला महात्मा गांधींचा. २१ जानेवारी १९३९ला घटना लागू झाली. गावात निवडून आलेली पंचायत, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुका पंचायत आणि वर विधिमंडळ. गावच्या तंट्यांचा निवाडा गावातच करायची सोय. राजानं आपणहून अधिकार सोडून दिले, तेही ब्रिटिशांचं राज्य डोक्यावर असताना. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची कैद्यांची मुक्त वसाहतही त्याच वर्षातली. शिक्षा म्हणजे सूड नव्हे, ही समज त्या काळी फार थोड्या ठिकाणी होती.

माझ्या मते आपल्या भागात कायद्याचं राज्य १९३९ला आलं.

हळदपेठ

औंधापुरतं आलं. आता शेजारी बघा. कुंडल औंध संस्थानात, तासगाव ब्रिटिश मुलखात, सांगली पटवर्धनांची, मिरजेत थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं, जत डफळ्यांचं, वर फलटण निंबाळकरांचं. सांगलीहून तासगावला बाजाराला गेलं की राज्य बदलायचं. राज्याबरोबर कोर्ट, वसुलीचा दर, दाद मागायची जागा, सगळंच बदलायचं. ८ मार्च १९४८ला दक्षिणेतली ही संस्थानं मुंबई प्रांतात आली, १९४९ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०ला त्याला सांगली नाव मिळालं. सगळ्यांना एकच नियम ही येरळाताईंची कसोटी लावली तर १९४८च्या आधीचं कुठलंच साल चालणार नाही.

वाळवेकर

आणि प्रतिसरकार? क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांनी इथं समांतर राज्य चालवलं. नुसती रेल्वे अडवणं किंवा खजिना लुटणं नव्हतं ते. न्यायदान मंडळं होती, सावकारीचे, जमिनीचे, नांदवण्याचे तंटे मिटायचे, दारूबंदी होती, कमी खर्चातली लग्नं लागायची. लोकांनी इंग्रजी कोर्टाकडे पाठ फिरवून ते निवाडे मानले. लोकांची मान्यता नसेल तर कायदा नुसता कागद, हे त्या मंडळींनी दाखवलं.

दगडी_कमान

वाळवेकर, मान्यतेचा मुद्दा पटतो. पण पत्री मारण्याच्या, म्हणजे तळपायावर मार देण्याच्या, शिक्षेवर अपील नव्हतं. युद्धाच्या काळातली गरज म्हणून समजून घेता येतं, राज्यव्यवस्था म्हणून नाही.

वाळवेकर

मान्य करतो. पण हेही मान्य करा की ते सरकार स्वराज्य दारात येताच विसर्जित झालं आणि त्यातली माणसं निवडणुकीला उभी राहिली. नाना पाटील खासदार झाले. हातात हत्यार असलेली संघटना आपणहून मतपेटीकडे येणं ही प्रजासत्ताकाच्या उभारणीतली फार मोठी गोष्ट आहे. किती देशांत हे घडलं नाही.

जतपूर्व

सगळ्यांनी राजांची आणि नेत्यांची सालं दिली. कुळाच्या दृष्टीनं साल आहे १ एप्रिल १९५७, कृषक दिन. १९४८च्या कूळ कायद्याखाली त्या दिवशी कसणारा कूळ जमिनीचा खरेदीदार मानला गेला. कलम ३२ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणानं किंमत ठरवायची, हप्ते भरले की ३२म चं प्रमाणपत्र. मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर ही खरेदी पुढे ढकललेली.

कुठं बिघडलं तेही सांगतो. तोंडी कूळ होतं आणि पीकपाहणीच्या रकान्यात नाव नव्हतं, तिथं कुळाला काहीच सिद्ध करता आलं नाही. दुसरं, 'खुशीनं कब्जा सोडला' असे कागद झाले. कायदा सांगतो की असा राजीनामा लेखी हवा आणि तो कुळाच्या मर्जीचा आहे याची मामलेदारानं खात्री करून घ्यायला हवी. जिथं मामलेदारानं कुळाला समोर बोलावून विचारलं तिथं जमीन वाचली. नुसता शिक्का उठवला तिथं गेली. एकच कायदा, एकच कलम, फरक फक्त ऐकून घेतलं की नाही एवढाच. वसनाकाठ यांची पहिली कसोटी इथं जमिनीच्या तुकड्यावर दिसते.

मिरज_जंक्शन

+१. या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद.

चावडी

आता इतिहासातून वर्तमानात या. गावात कायद्याचं राज्य आहे का हे बघायचं असेल तर फेरफार नोंद, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, बघावी. सगळी घटना त्या एका नोंदीत उतरलेली असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९ आणि १५०.

हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. दस्त नोंदणीकृत असेल तर कळवायची गरज नाही, माहिती दुय्यम निबंधकाकडून येते. तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतो, चावडीवर प्रत लावतो आणि ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना नमुना ९ची नोटीस देतो. हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर तलाठ्यानं लगेच लेखी पोच द्यायची आणि ती ६अ या तक्रार नोंदवहीत घ्यायची. निर्णय तलाठ्याचा नाही. नोंद प्रमाणित करणारा किंवा रद्द करणारा मंडल अधिकारी, ज्याला आपण सर्कल म्हणतो. म्हणजे लिहिणारा एक आणि ठरवणारा दुसरा. ही साधी विभागणी फार मोलाची आहे.

नासतं कुठं? सर्वांत जास्त नोटिशीत. निम्मे सहहिस्सेदार मुंबईला, पत्ता जुना. गावातल्या भावाची एकट्याची सही घेतली जाते आणि 'नोटीस बजावली' असा शेरा पडतो. पुढे मंडल अधिकारी बजावणीचा कागद न बघता नोंद मंजूर करतो. दुसरी जागा वारसनोंदीची. ६क या वारस नोंदवहीत मुलींची नावं गाळायची आणि 'हक्क सोडला' असं तोंडी सांगायचं. तोंडी हक्कसोड चालत नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. नसेल तर सगळ्या वारसांची नावं लागली पाहिजेत, मग बहिणींचं सासर कुठंही असो.

मिरज_जंक्शन

दुरुस्ती : तलाठी हे पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालं आहे.

चावडी

बरोबर. लोक अजून तलाठी आणि भाऊसाहेबच म्हणतात म्हणून तसं लिहिलं. कुलकर्णी वतन १९५०च्या कायद्यानं गेलं, मग पगारी तलाठी आले, आता हे नाव. नावापेक्षा मोठा बदल तो पहिला होता : दप्तर वंशपरंपरेनं एका घरात होतं, ते सरकारी कचेरीत आलं आणि सांभाळणाऱ्याची बदली होऊ लागली.

कंदीपेढा

हा धागा वाचून उद्या निम्मं सभासदमंडळ चावडीवर नोटीस बघायला उभं दिसणार :) घरी बसून बघायचं तर 'आपली चावडी' संकेतस्थळावर गाव निवडा, प्रलंबित फेरफार दिसतात. मुंबईकरांनी महिन्यातून एकदा तरी बघावं.

येरळाकाठ

कंदीपेढा, अगदी खरं. महिन्यातून एकदा मात्र पुरणार नाही. मुदत १५ दिवसांची आहे.

जतपूर्व

चावडी, एक विचारतो. नोंद मंजूर झाली म्हणजे मालकी ठरली, असं गावात पक्कं समजतात. त्यावर लिहा.

चावडी

ठरत नाही. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी आहे असं गृहीत धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी दिवाणी न्यायालय ठरवतं. महसुली नोंद ही मुळात सारा कोणाकडून घ्यायचा यासाठीची. हे न समजल्यामुळं लोक दहा-दहा वर्षं प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) आणि अपर जिल्हाधिकाऱ्याकडे अपिलं लढतात आणि दिवाणी दाव्याची मुदत तिकडे निघून जाते.

दगडी_कमान

इथं मला मूळ विषयातली एक गाठ दिसते. अनुच्छेद ५० म्हणतो न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करा. मुंबई राज्यानं १९५१मध्येच त्यासाठी कायदा केला. पण महसुलात मामलेदार अजून दोन्ही आहे. रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तोच न्यायाधीश. शांतताभंगाची भीती असेल तर तोच कार्यकारी दंडाधिकारी म्हणून जामीन मागतो. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. पेशवाईतला मामलेदार, इंग्रजांचा मामलेदार आणि प्रजासत्ताकाचा तहसीलदार, खुर्ची एकच. हे कायद्याचं राज्य कसं?

हळदपेठ

खुर्ची तीच, तिच्यावरचं छत बदललं. १९५०नंतर त्या खुर्चीतला प्रत्येक हुकूम अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात तपासता येतो. हुकमात कारणं नसतील तर नंतर शपथपत्रात नवी कारणं घालून तो सावरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९७७मध्ये मोहिंदरसिंग गिल प्रकरणात स्पष्ट केलं. हे वाक्य तालुका कचेरीच्या भिंतीवर लिहावं इतकं महत्त्वाचं आहे.

शिवाय रस्त्याच्या दाव्यात मामलेदाराकडे जाणं गरिबाच्या फायद्याचंच आहे. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज, चतुःसीमा आणि वहिवाट किती वर्षांची ते लिहायचं, सात-बारा आणि कच्चा नकाशा जोडायचा. जागेची पाहणी दोन्ही बाजूंना कळवून व्हायला हवी. एकाच बाजूला घेऊन केलेला पंचनामा पुढे टिकत नाही. सहा महिने उलटले की हा रस्ता बंद, मग दिवाणी कोर्ट किंवा बांधावरून नव्या रस्त्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम १४३.

दगडी_कमान

छत मुंबईला असेल तर विट्याच्या शेतकऱ्याला काय उपयोग?

हळदपेठ

१८ ऑगस्ट २०२५पासून ते कोल्हापुरात आहे. उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे सातारा आणि सांगली दोन्ही येतात. सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री घरी येता येतं. मुक्कामाचा खर्च वाचणं ही लहान गोष्ट नाही. न्यायाची किंमत वकिलाच्या फीइतकीच प्रवासात जायची.

दगडी_कमान

हे मान्य. तरी मामलेदाराचे दोन अधिकार दोन माणसांत वाटले पाहिजेत, हा माझा आग्रह कायम आहे.

खटावकर

मला ग्रामसभेबद्दल सांगायचं आहे, कारण औंधानं जे गावात सुरू केलं ते तिथंच टिकलं किंवा मोडलं. वर्षातून किमान चार सभा. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. गडबड तिथं होते : पहिल्या सभेला माणसं जमू द्यायची नाहीत आणि दुसऱ्या सभेत पंधरा जणांत ठराव. उपाय एवढाच की तहकूब सभेत विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेतला तर तिथल्या तिथं लेखी हरकत देऊन प्रोसिडिंगमध्ये नोंद करायला लावायची आणि प्रोसिडिंगची नक्कल मागायची. ठराव वाचून कायम होण्याआधी सह्यांखाली मोकळी जागा सोडलेली नाही ना, तेही बघायचं.

वाळवेकर

अतिक्रमणाचं पण लिहा कोणी. जेसीबी आणून एका दिवसात घर पाडायचं, हे हल्ली 'कडक प्रशासन' म्हणून टाळ्या घेतं.

येरळाकाठ

१३ नोव्हेंबर २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. नोंदणीकृत टपालानं आणि बांधकामावर चिकटवून नोटीस, किमान १५ दिवस, म्हणणं ऐकणं, कारणांसह अंतिम आदेश, पाडतानाचं चित्रीकरण. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा जलाशयावरचं अनधिकृत बांधकाम याला अपवाद. कोणावर गुन्हा दाखल आहे म्हणून त्याचं घर पाडता येत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांचंही घर कधीतरी सात-बाराच्या चुकीच्या बाजूला असू शकतं. अतिक्रमण काढलंच पाहिजे, पण १५ दिवस थांबून.

वसनाकाठ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मूळ म्हणणं बदलतो. एकच साल शोधणं चुकलं. औंधाला १९३९, कुळाला १९५७, मुलींना वारसनोंदीत अजून प्रत्येक घरात वेगळं. पण कसोटी सोडत नाही, उलट येरळाताईंच्या चौथ्या कलमानं ती पक्की झाली.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. हुकूम नुसता 'अर्ज फेटाळण्यात येत आहे' एवढाच असेल, कारण काहीच नसेल, तर सामान्य माणसानं आधी काय करावं? आणि अपिलाची मुदत कधीपासून?

चावडी

क्रमानं सांगतो. पहिल्या दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज, हुकूम, रोजनामा (सुनावणीची तारीखवार नोंद) आणि नोटीस बजावणीचे कागद या तिन्हींसाठी. बारनिशीत (आवक-जावक विभागात) देऊन आवक क्रमांक आणि तारखेची पोच घ्यायची. रोजनाम्यात तुमची हजेरी नाही किंवा बजावणी नाही असं दिसलं की अपिलाचा पहिला मुद्दा तयार झाला.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. कलम ४(१)(घ) प्रमाणे ज्याच्यावर परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणं द्यायची जबाबदारी कार्यालयाचीच आहे, ते कलम अर्जात लिहायचं. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरं अपील आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, ९० दिवसांत. पण या उत्तराची वाट बघत महसुली अपील लांबवू नका. लोक नेमके इथंच फसतात.

मंडल अधिकारी किंवा तहसीलदाराच्या हुकमावर प्रांताकडे अपील, महसूल संहितेचं कलम २४७, मुदत ६० दिवस, कलम २५०. मोजायची हुकूम मिळाल्याच्या तारखेपासून. नक्कल मिळायला गेलेले दिवस वजा होतात, म्हणून नक्कल अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख दोन्ही नकलेवर आहेत का ते कचेरीतून निघण्याआधी बघा. उशीर झालाच असेल तर कलम २५१ खाली विलंबमाफीचा वेगळा अर्ज, दिवसागणिक कारण देऊन. आणि स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. अपील दाखल झालं म्हणून नोंद आपोआप थांबत नाही.

जतपूर्व

नकलेवर तयार झाल्याची तारीख टाकलेली नसेल तर?

चावडी

ती टाकून, सही-शिक्का घेऊनच बाहेर पडायचं. नाही म्हणाले तर तसा अर्ज तिथंच बारनिशीत द्या आणि त्याची पोच अपिलाला जोडा.